या नावाचं इथे कोणी नाही

४ मार्च

मंजूर! — पण तत्त्वतः.

म्हणजे काय, ते टायवाल्याने तीनदा समजावलं. (टायवाला म्हणजे बँकेत माझी फाइल बघणारा मुलगा. टाय इतका आवळलेला की बोलताना डोळे बाहेर येतात.) "मॅडम, बँकेची ना नाही. पण हो अजून व्हायचंय." हे कसलं उत्तर! आमच्या दातांच्या लॅबमध्ये असलं चालत नाही. कवळी बसते नाहीतर बसत नाही. तत्त्वतः बसलेली कवळी देऊन बघा कुणाला — पहिल्याच घासाला ताटात पडेल.

अंतिम मंजुरी दोन आठवड्यांत. तोवर कागद तपासणार, घर तपासणार, मला तपासणार. तपासा. मी कुठे पळतेय!

अर्जावर सही एकटीची. "सहकर्जदार?" त्याने विचारलं. म्हटलं, नाही. "पती?" म्हटलं, होता. त्याने गुपचूप रकाना खोडला. एवढी सुंदर रेघ मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

६ मार्च

लेकीला घेऊन घर पुन्हा बघून आले. तिसरी वेळ. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. विकणारे गृहस्थ निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. मुलाकडे राहायला चाललेत. भिंतींवर चौकोनच चौकोन — चित्रं काढून नेली, त्यांच्या मागचा रंग तेवढा ताजा राहिला.

लेकीने मधल्या खोलीत उभं राहून दोन्ही हात पसरले. वय वर्षं पंधरा, पण गोल गोल फिरली! मास्तर म्हणाले, "फिर गं फिर, आपटायला काही ठेवलेलंच नाही."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, मला तुम्हालाच द्यायचंय. पण एकजण रोख घेऊन तयार आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्यापुढे मुलगा ऐकणार नाही." माणूस खरा वाटला. दातही स्वतःचे — सत्तरीत! असल्या माणसाचा मला भरवसा वाटतो, उगाच का होईना.

तीस मार्च. बस्स.

९ मार्च

फोन नाही.

१० मार्च

दादाकडे जेवायला. बोलावणं आलं तेव्हाच ओळखलं होतं. वाढून होताच सुरू! "एकटीच्या जिवावर वीस वर्षांचं कर्ज? माझं नाव घाल सोबत. बँकही लगेच हो म्हणेल."

"आणि खरेदीखतावर?"

"तिथेही घालावंच लागेल ना. सुरक्षिततेसाठी."

कुणाच्या सुरक्षिततेसाठी, ते विचारलं नाही. वहिनी ताटात बघत बसली. दादा वाईट नाही. पण एकदा कुणाच्या तरी नावाच्या घरात राहून बघितलंय मी. भांडण झालं की पहिलं वाक्य ठरलेलं — "हे घर माझं आहे, चालती हो." एकदा खरंच चालती झाले. चार बॅगा आणि नऊ वर्षांची पोर. त्यानंतर सहा वर्षांत पाच भाड्याची घरं.

दादाला म्हटलं, नको. त्याने ताट सरकवलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१२ मार्च

बँकेने पुन्हा कागद मागवले. गेल्या सहा वर्षांतले सगळे पत्ते, आणि दर वेळी घर का सोडलं त्याचं कारण. कारणासाठी एवढीशी जागा!

लिहिलं: १. घरमालकाच्या मुलाचं लग्न. २. पाणी गळत होतं, छतातून. ३. लेकीच्या बापाने पत्ता शोधला. ४. पुन्हा शोधला. ५. अजून इथेच आहे, जागा विकणार आहेत म्हणे.

वाचून टायवाला खोकला. "तीन आणि चार नंबरचं कारण... वैयक्तिक असं लिहू या का?" म्हटलं, लिहायचं तर आहे तेच लिहा.

१५ मार्च

फोन नाही. दिवसभर वरच्या जबड्याच्या तीन कवळ्या केल्या. एकीत मेण जास्त तापवलं, दात वाकडे बसले, पहिल्यापासून सगळं. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. लॅबचे मालक नुसते बघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

फोन आला!

फाइल थांबवलीय.

टायवाला आवाज अगदी बारीक करून बोलत होता. "मॅडम, तुम्ही नोकरीबद्दल दिलेली माहिती... जुळत नाहीये. आमच्या माणसाने तुमच्या लॅबच्या नंबरवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सांगितलं, या नावाचं इथे कोणी नाही."

मला आधी हसूच आलं. मग कळलं, हा थट्टा करत नाहीये. मी तेव्हा लॅबच्याच ओट्यापाशी उभी होते, हाताला ओलं प्लास्टर. म्हटलं, "अहो, मी आत्ता इथेच उभी आहे!"

"ते बरोबर आहे मॅडम. पण तसं कागदावर आलं पाहिजे."

१९ मार्च

उगम सापडला. मावशी!

मावशी म्हणजे आमच्याकडे कवळ्या डब्यांत भरून, चिठ्ठ्या लावून डॉक्टरांकडे धाडतात त्या. फोनही त्याच घेतात. विचारलं तर छाती फुगवून सांगितलं, "हो तर! तीनदा केला मेल्याने. पहिल्यांदा नीट सांगितलं, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा असा झापला, असा झापला — पुन्हा नाव घेणार नाही तुझं!"

"मावशी, तो बँकेचा माणूस होता."

मावशी मटकन खाली बसल्या.

यात त्यांची काही चूक नाही. आमच्याकडचा हा नियमच आहे, आणि तो माझ्यासाठीच झाला. घर सोडलं तेव्हा लेकीचा बाप दिवसाला दहा-दहा फोन करायचा इथे. आहे का, कधी सुटते, कुठल्या बाजूने जाते. एकदा दाराशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं — आपल्याकडे डॉक्टरांचे फोन येतात ते माझ्यासाठी येतात. दुसऱ्या कुणीही हिचं नाव घेऊन विचारलं, तर या नावाचं इथे कोणी नाही. मावशी, पॉलिशवाला, साचे ओतणारी दोघं, सगळ्यांनी तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. दोन वर्षं झाली, त्याचा फोन आलेला नाही. पण नियम मोडा असं कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"कोण बोलतंय विचारलं तर म्हणतो, वैयक्तिक काम आहे," मावशी रडत रडत सांगत होत्या. "तोही असंच म्हणायचा ना गं! मला वाटलं आवाज बदलून बोलतोय."

त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यासाठी इतकं खोटं कुणी इतक्या प्रामाणिकपणे बोललं नसेल. आणि त्यापायी माझं घर जातंय. राग कुणावर काढायचा तेच कळेना, मग एक बिघडलेला साचा उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात आपटला. पॉलिशवाला म्हणाला, "अजून एक देऊ?"

२० मार्च

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत. टायवाल्याच्या वरच्या साहेबीण बाईंसमोर बसवलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची हकीकत मला पटते. पण तीन वेळा नकार आल्याची नोंद आहे. ती माझ्या पटण्याने जात नाही."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडेचा गुलाबी रंग — हिरड्यांच्या मिश्रणाचा — कितीही घासला तरी जात नाही. म्हटलं, "ही नोंद बघा. ही बारा वर्षांची आहे."

त्या हसल्या नाहीत, पण हात बघितले. नीट बघितले. मग सांगितलं: मालकांचं सहीशिक्क्याचं पत्र आणा. शिवाय आमचा माणूस न सांगता लॅबमध्ये येऊन बघून जाईल. त्यानंतर ठरवू. तीस तारखेचं आश्वासन देता येत नाही.

येताना मास्तरांच्या गल्लीतून चक्कर मारली. खालीच उभी राहिले. गॅलरीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. त्याचाही हेवा वाटला मला. हद्द आहे!

लॅबमध्ये पोचल्यावर सगळ्यांना थांबवलं. यंत्रं बंद करायला लावली. सांगितलं — आजपासून नियम बंद. कुणीही फोन केला, कुणीही, तर सांगायचं: हो, आहे, इथेच काम करते, थांबा, बोलावते.

"तोच असला तर?" मावशी.

"तर मला द्या फोन."

तो खरंच आला तर काय, ते माहीत नाही. पण सहा वर्षं मी इथे नव्हते! असण्याचा सगळा त्रास सोसायचा आणि वर असायचंही नाही? पुरे झालं.

२२ मार्च

मालकांनी पत्राला दोन दिवस लावले. दोन ओळींचं पत्र! बँकेने नमुना दिला होता, त्यात एक वाक्य होतं — "सदर कर्मचाऱ्याची नोकरी कायमस्वरूपी आहे." मालकांनी ते वगळून आपल्या हाताने लिहिलं: गेली बारा वर्षं सलग माझ्याकडे कामाला आहे, आजही आहे, आणि हिच्याइतकं सफाईचं काम करणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

वाचून फार बरं वाटलं. तरी म्हटलं, नमुन्याप्रमाणे दिलं असतं तर बरं. "जे खरं आहे ते लिहिलंय," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. मग विचारलं, "मास्तरांच्या हातात पैसे कधी पडतात?" कालही हेच विचारलं होतं. म्हातारपणी माणसं एकच गोष्ट धरून बसतात.

टायवाल्याने पत्र दोनदा वाचलं. "ही शेवटची ओळ लागत नाही मॅडम." म्हटलं, राहू द्या, तुमच्या फाइलला तेवढीच शोभा.

२५ मार्च

आला बँकेचा माणूस! न सांगता, पण दारातच कळलं. काखेत फाइल आणि तोंडात दुसऱ्या कुणाकडची ढिली कवळी. प्रत्येक वाक्याला टकटक.

त्याने तोंड उघडायच्या आत मावशी खुर्चीवरून उठल्या. "हो! आहे! इथेच काम करते! बारा वर्षं!"

"मी अजून काही विचारलं नाही," तो म्हणाला. टक.

"विचारा की! हो!"

मागून पॉलिशवाला ओरडला, "मीही साक्ष देतो!" साचे ओतणारी दोघं हात धुऊन रांगेत येऊन उभी. मला वाटलं आता हा पळून जाणार. पण तो माझ्या टेबलाशी आला, मेणात दात लावताना दहा मिनिटं नुसता बघत राहिला. मग विचारलं, "हा पुढचा जरासा तिरका का लावला?" सांगितलं — त्या बाईंचा स्वतःचा तसाच होता, जुन्या फोटोत दिसतो. सरळ लावला तर घरच्यांना त्या परक्या वाटतील.

त्याने काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही.

तो वळताच मावशी माझ्या कानाशी. "ती कवळी फुकटात घट्ट करून देऊ का त्याची?" असे डोळे वटारले मी! काम झाल्यावर खुशाल ये म्हणावं, पैसे देऊन. माझं घर माझ्या कागदांच्या जोरावर होईल. टकटक ऐकून हात मात्र शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू.

२६ मार्च

फोन नाही.

दादाचा आला. "अजून चार दिवस आहेत. मी उद्या येऊन सही करतो. हट्ट सोड."

या वेळी लगेच नाही म्हणवलं नाही. खरं ते लिहिते. भीती वाटते. फार वाटते. जूनमध्ये ही जागाही रिकामी करायची आहे, आणि लेकीचं दहावीचं वर्ष सुरू होतंय. सही झाली की सुटले — एवढी सोपी वाट समोर.

"दादा," म्हटलं, "तू सही कर. फक्त जामीनदार म्हणून. खरेदीखतावर नाव माझं एकटीचं."

"त्यात मला काय राहिलं?"

"बहीण राहिली."

फोन ठेवला. मी की त्याने, आता आठवत नाही.

२७ मार्च

मास्तरांकडे गेले. तो रोखवाला येऊन खोल्या मोजून गेलाय! मधली भिंत पाडणार म्हणत होता. मास्तरांनी चहा दिला. म्हणाले, "मी तीस तारीख म्हटलंय. तीस म्हणजे तीस, संध्याकाळचे सहा. मुलाला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

चहात साखर नव्हती. मागितली नाही. त्या घरातलं जे मिळेल ते गोड.

२८ मार्च

अकरा वाजून दहा मिनिटांनी. मंजूर!

तत्त्वतः नाही. मंजूर!

फोन लॅबच्याच नंबरवर आला. मावशींनी उचलला, "हो, आहे, थांबा, बोलावते," म्हणत माझ्या हातात कोंबला. टायवाला म्हणाला, "अभिनंदन मॅडम. पाहणीचा शेरा फारच चांगला होता." काय होता, विचारलं. गोपनीय असतो म्हणे. ठेवा गोपनीय!

मी मोठ्याने ओरडले. पॉलिशवाल्याने यंत्र चालूच ठेवून शिट्टी घातली. मावशींनी दृष्ट काढल्यासारखे गालावर हात फिरवले. मालक आतल्या खोलीतून बाहेर आले, "पैसे कधी सुटतात?" म्हटलं, उद्या सह्या, परवा मास्तरांच्या हातात. "परवा," म्हणाले, आणि खुर्चीवर टेकले. माझ्याइतकाच सुटका झाल्यासारखा चेहरा त्यांचा होता.

२९ मार्च

एक्केचाळीस सह्या. प्रत्येक ठिकाणी एकच नाव. हात दुखला तरी शेवटच्या सहीला अक्षर पहिल्यासारखंच!

३० मार्च

दुपारी चार. किल्ली मिळाली.

मास्तर जिना उतरून गेले आणि आम्ही दोघीच. लेकीने आतून कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. "आई, इथून कुणी जा म्हणू शकत नाही ना आपल्याला?"

म्हटलं, नाही. आता ते वाक्य म्हणायचा हक्क आपला.

दोघी जमिनीवर बसून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. मी जरा रडले. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. शहाणी आहे.

दादाला फोन केला. "झालं?" म्हणाला. "झालं." मग, "पडदे लावलेस का? रस्त्यावरून दिसतं." येईल. आठ दिवसांत येईल.

२ एप्रिल

मालकांनी सकाळी आत बोलावलं. दार लावून घेतलं.

लॅब बंद होतेय. मे अखेर. जागा विकली, डोळे साथ देत नाहीत, डॉक्टर लोक आता बाहेरून यंत्रावर करून घेतात. जानेवारीतच ठरलं होतं. मावशीला माहीत, पॉलिशवाल्याला माहीत, सगळ्यांना माहीत. मला सोडून. "तुझे पैसे सुटेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. कळलं असतं तर तू सरळ बँकेत जाऊन सांगितलं असतंस. ओळखतो मी तुला."

गेलेच असते! "माझ्यासाठी गप्प बसणं बंद करा म्हणून सांगितलं होतं ना मी?" एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची यंत्रं थांबली. ते ओशाळून हसले. मला हसता आलं नाही. पाया पडावं की डोक्यात साचा घालावा, दोन्ही एकदमच वाटत होतं.

पहिला हप्ता पाच मेला. पाच जूनच्याचं काय, माहीत नाही.

घरी येताना मनात आलं, लेकीला इतक्यात सांगायला नको. परीक्षा होऊ दे. लगेच स्वतःचीच लाज वाटली. चपला काढायच्या आधी सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "म्हणजे घर परत द्यायचं?"

म्हटलं, कुणी हात तर लावून बघू दे.